डॉर्कस हेडॉकची न उठलेली बैठक

क्वेकर या छोट्याशा ख्रिस्ती पंथाची प्रार्थनेची बैठक कशी उठते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती पहिल्यांदा माझ्याच हातून उठली. गावात हा किस्सा अजून तिखटमीठ लावून सांगतात, तेव्हा एकदा माझ्या तोंडून ऐका.

माझा थोरला, फर्गल, तेव्हा नुकताच तुरुंगात गेला होता. जन्मठेप. तुरुंगाकडे जाणारी बस शनिवारी बैठकघराच्या आवारातून सुटायची, कारण आमच्या अख्ख्या टलीव्हरो गावात तेवढी एकच जागा अशी होती जिथे आम्ही कॅथलिक बायकाही पाऊल टाकायचो आणि पलीकडच्या प्रॉटेस्टंट बायकाही. आमच्या पोरांना इंग्रजांचं राज्य नको होतं, त्यांच्या पोरांना हवं होतं, आणि त्या मारामारीतले कैदी दोन्हीकडचे होते. त्यांच्या आया, त्यांच्या बायका एकाच बसनं जायच्या, एकमेकींकडे न बघता. त्या आठवड्यात कुणीतरी मला सांगितलं, या खेपेला बस रविवारी आहे. मी चर्चमधली सकाळची मास उरकली, फर्गलचे धुतलेले कपडे पिशवीत कोंबले आणि गेले. आत बघते तर बाकांवर सहा-सात म्हातारी माणसं गप्प बसलेली. मला वाटलं, बसचीच वाट बघतायत. मीही बसले.

बराच वेळ गेला. कुणी हूं की चूं करेना. कोळशाची शेगडी मधूनच कुरकुरायची तेवढंच. मला आपली भेटीची वेळ चुकणार म्हणून घाम फुटलेला. शेवटी राहवेना, तेव्हा शेजारच्या उंच, हडकुळ्या बाईचा हात धरला आणि म्हटलं, "उठा बाई, आज काही बस येत नाही."

झालं. तिनं माझा हात हातात घेऊन हलवला, पलीकडच्या म्हाताऱ्यानं त्याच्या शेजारणीचा हात घेतला, आणि सगळी माणसं उठून उभीच राहिली. मी बघतच बसले.

"आमची बैठक अशीच उठते," ती उंच बाई म्हणाली. "दोघांनी हात मिळवला की संपली. आज तुझ्यामुळे लवकर सुटलो. आयझॅकचे गुडघे दुखत होते, तो तुला दुवा देईल."

ती डॉर्कस हेडॉक. मी कोण हे तिला ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नव्हतं?

तिचं बटणांचं दुकान होतं. बटणं, लोकर, अस्तर, चेन, हूक. मोठ्या रस्त्याच्या मधोमध, म्हणजे आमचा भाग संपतो आणि त्यांचा सुरू होतो तिथेच. भाव एकच, घासाघीस केली तर ती नुसती बघत राहायची, आणि ते बघणं असं असायचं की माणूस मुकाट्यानं पैसे काढायचा. लग्न केलं नव्हतं. हेडॉक घराण्याची एके काळी तागाच्या कापडाची गिरणी होती, ती केव्हाच बसली. उरली ती डॉर्कस, आणि तिची जीभ. ती मिस्टर म्हणायची नाही, मिसेस म्हणायची नाही, फादर म्हणायची नाही. सरळ नाव, आडनाव आणि वर जुन्या इंग्रजीतलं 'तू', जे आता आमच्याकडे कुणी म्हणत नाही. सगळी माणसं देवापुढे सारखी, म्हणून सगळ्यांना अरे-तुरे. एकदा तपासणीच्या नाक्यावर एका इंग्रज सैनिकानं तिची पिशवी उलटी केली. लोकरीचे गुंडे रस्त्याभर. ही म्हणाली, "आता तू गोळा कर. आणि तुझ्या आईला ठाऊक आहे का तू काय काम करतोस?" तो पोरगा लालबुंद झाला आणि बंदूक पाठीवर टाकून खरंच गुंडे गोळा करायला लागला.

मी तिला 'मिस हेडॉक, तुम्ही' करायला गेले तर म्हणाली, "डॉर्कस म्हण. आणि तुम्ही कोण? मी एकटीच आहे इथे."

आता फर्गलचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावात नॉर्मन गॉल्ट नावाचा प्रॉटेस्टंट गृहस्थ होता. दिवसा खिळे-बिजागऱ्यांचं दुकान चालवायचा आणि संध्याकाळी राखीव पोलिसाचा गणवेश चढवून नाक्यावर उभा राहायचा. त्याला दुकान बंद करताना गोळ्या घातल्या. घालणारे दोघे सीमेपलीकडे पळाले. गाडी माझ्या फर्गलनं चालवली होती. तो त्याच रात्री सापडला. मी त्याची आई आहे, मी त्याला टाकलं नाही, पण त्यानं केलं ते चांगलं केलं असं मी एक दिवसही म्हटलेलं नाही. नॉर्मन गॉल्टनं माझ्या परसदाराची कडी स्वतः येऊन बसवून दिली होती.

डॉर्कसनं काय केलं? नॉर्मनच्या दफनाला गेली, त्याची बायको विल्मा हिच्या दारात तव्यावर भाजलेला सोडा-ब्रेड ठेवून आली. आणि त्याच आठवड्यात तुरुंगात जाऊन फर्गलला लोकरीचे पायमोजे देऊन आली. बस्स, गाव पेटलं. प्रॉटेस्टंट म्हणाले, ही खुन्यांना मोजे विणते. आमचे म्हणाले, पोलिसाच्या मयतीला जाणारी ही कोण आपली? दोन्हीकडच्यांनी तिच्या दुकानात जाणं सोडलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. बायका शर्टाचं एक बटण घ्यायला आठ मैलांवरच्या गावी बसनं जायच्या, पण हिच्या दाराची घंटा वाजवायच्या नाहीत.

मी एकदा तिला सरळ विचारलं, "कशाला ही नसती उठाठेव? एक बाजू धर आणि सुखानं राहा."

ती लोकर गुंडाळत म्हणाली, "मोजे एका बाजूचे विणता आले असते तर विणले असते. पाय दोन असतात, डिम्प्ना हॅगन."

"हे तू बैठकीत म्हण. मला नको शिकवूस."

"बैठकीत मी कधी बोलत नाही. तिथे सुचत नाही," ती म्हणाली. आणि हे खरं होतं. त्यांच्यात पाद्री नसतो, ज्याला आतून वाटेल त्यानं उठून बोलायचं. डॉर्कस जन्मभरात तिथे एकदाही उठून बोलली नाही. बोलायचं ते सगळं बाहेर.

माझंही सांगते, कारण त्याशिवाय मी तिथे का जात राहिले ते समजायचं नाही. आमच्या गल्लीत पोरं मला सलाम ठोकायची. भिंतीवर फर्गलचं नाव रंगवलेलं. दारूच्या गुत्त्यात त्याच्या नावानं गाणी. मला वीरमाता करून टाकलं होतं मेल्यांनी. मला पोराची लाजही वाटायची आणि पोरासाठी जीवही तुटायचा, आणि या दोन्ही गोष्टी बोलायला त्या गल्लीत जागा नव्हती. बैठकघराच्या स्वयंपाकघरात होती. तिथे मी पीठ मळायची, ती तवा तापवायची, आणि बसला निघणाऱ्या बायकांना आम्ही चहा द्यायचो. एका टेबलावर आमच्या, एका टेबलावर त्यांच्या. एकदा साखर संपली, तर एकच वाडगा दोन्ही टेबलांवर फिरवावा लागला. डॉर्कसला त्याचा इतका आनंद झाला की पुढे ती मुद्दाम साखर कमी आणायची. मला ते फार उशिरा कळलं.

आणि तो पुलावरचा प्रकार. जुलैचे दिवस, प्रॉटेस्टंटांच्या मिरवणुकांचे. पुलाच्या या टोकाला आमची पोरं, त्या टोकाला त्यांची, दोन्हीकडे दगडांचे ढीग. डॉर्कस दुकानातली खुर्ची घेऊन गेली आणि पुलाच्या मधोमध विणत बसली. दोन्हीकडून शिव्या. "ए म्हातारे, घरी जा." "मेलीस तर आमचं नाव नको." ती आपली टाके मोजतेय. थोडा वेळ खरंच कुणाला दगड मारता येईना. मग एक आलाच, खांद्याच्या हाडावर बसला आणि हाड मोडलं. दगड कुठून आला हे तिनं कधी सांगितलं नाही. पोलिसांनी विचारलं, आमच्या फादरनी विचारलं, मीही विचारलं. म्हणायची, "वरून आला." त्यामुळे दोन्ही बाजू वर्षानुवर्षं एकमेकांवर ढकलत राहिल्या, आणि दोघांनाही आतून वाटत राहिलं की आपल्यातल्याच कुणीतरी मारला. तो खांदा नंतर कधी नीट वर गेला नाही.

तर अशी ती. आता एकटेपणाचं सांगते.

क्वेकर आमच्या गावात मुळात मूठभर. तरुण होते ते इंग्लंडला, कॅनडाला गेले. या धुमाळीत कोण राहील? म्हातारे एकेक करून गेले. शेवटी डॉर्कस आणि गुडघेवाला आयझॅक पिम एवढीच दोघं. दर रविवारी एका बाकावर दोघं बसायची, वेळ झाली की हात मिळवायची आणि उठायची. मग एका हिवाळ्यात आयझॅकही गेला.

त्याच सुमाराला तुरुंगवाल्यांनी भेटीचा वार रविवार केला, माझी पाळी एका आड एक रविवारी. सकाळी आम्ही सगळ्या चहा पिऊन बसमध्ये चढायचो, बस फाटकातून वळायची, आणि मागच्या काचेतून मला दिसायची डॉर्कस, कपबशा आत नेणारी. मग ती हात पुसून त्या रिकाम्या खोलीत एकटी बसायची. मी विचारलं, "एकटी असताना बैठक कशी उठवतेस?"

"उठत नाही," ती म्हणाली. "मी उठते. बैठक नाही उठत."

त्यांच्या मोठ्या सभेचा एक नियम होता. एकट्या माणसाची बैठक होत नाही. दुसरं माणूस नसेल तर ती बैठक मोडायची आणि घर विकून टाकायचं. घर गेलं म्हणजे बसही गेली, दोन टेबलं गेली, साखरेचा वाडगाही गेला. टलीव्हरोत दोन्हीकडच्या माणसांना एका छताखाली उभं राहायला जागाच उरली नसती. डॉर्कसला दुसरं काही नको होतं. ते दार उघडं राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. वरून निरोप आला की एका रविवारी माणसं येऊन बघतील.

मी म्हटलं, "मी बसते ना तुझ्याशेजारी. फादर रागावले तर रागावले."

"तू माझी दया येऊन बसशील."

"मग? दयेत काय विष कालवलंय?"

"सोबत होईल. बैठक होणार नाही. ते लोक विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही."

मला असा संताप आला. म्हटलं, बरं, बस तुझ्या खरेपणाला कवटाळून. दार आपटून घरी आले. पण तो रविवार आला तेव्हा माझी भेटीची पाळी नव्हती, आणि माझा पाय काही घरी टिकेना. मास उरकून मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले आणि पीठ मळायला घेतलं. स्वयंपाकघर आणि मोठी खोली यांच्यात कपबशा द्यायची एक खिडकी होती. ती बोटभर उघडी ठेवली.

वरून आलेले दोघे होते, विल्फ्रेड लॅम नावाचा शांत, पिकलेल्या मिशांचा माणूस आणि त्याची बहीण. ते समोरच्या बाकावर बसले. डॉर्कस तिच्या नेहमीच्या बाकावर एकटी. मी मनात म्हटलं, संपलं.

तेवढ्यात दार वाजलं आणि विल्मा गॉल्ट आत आली.

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. नॉर्मनची बायको. काळा कोट, हातमोजे. डॉर्कस दर वर्षी नॉर्मनच्या दिवसाला तिच्या दारात ब्रेड ठेवायची आणि ती दर वर्षी तो पक्ष्यांना टाकायची, हे साऱ्या गावाला ठाऊक. ती कुणाकडे न बघता चालत आली आणि डॉर्कसच्या बाकावर, शेजारीच बसली. का आली, ते मला कितीतरी दिवसांनी तिच्या नणंदेकडून बसमध्ये कळलं, तिचाही पोरगा आत होता. तिच्या चर्चमध्ये दर रविवारी नॉर्मनचं नाव घेऊन भाषणं ठोकायचे. तो कसा शूर होता, त्याचा सूड कसा घेतला पाहिजे. माझ्या गल्लीत गाणी, तिच्या चर्चमध्ये भाषणं. तिला कुणी काही बोलणार नाही अशी जागा हवी होती, आणि गावात अशी जागा एकच होती.

ते बसले. किती वेळ, देव जाणे. तवा थंड झाला तरी मी हलले नाही. मग वेळ झाली, आणि डॉर्कसनं तिचा तो दुखरा हात विल्माकडे पुढे केला.

विल्मानं तो घेतला नाही. झिडकारलाही नाही. समोर बघत बसली. हा हात तिच्या नवऱ्याच्या मारेकऱ्याला मोजे देऊन आलेला होता. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही घेतला नसता.

डॉर्कसनं हात मागे घेतला नाही. समोरून विल्फ्रेड लॅम उठला, अवघडलेपणा मोडावा म्हणून स्वतःचा हात पुढे करून जवळ आला. डॉर्कस हळूच म्हणाली, "अजून नाही, विल्फ्रेड लॅम. एकीकडे केलेला हात मागे घेऊन दुसरीकडे द्यायचा, हे बरं दिसत नाही." तो जाऊन परत बसला. पुष्कळ वेळानं विल्मा उठली, हातमोजे ठीक केले आणि निघून गेली. दार आपटलं नाही, अलगद लावलं.

मग विल्फ्रेड म्हणाला, "डॉर्कस, तर मग या घराचा निर्णय..."

"कसला निर्णय? बैठक चालू आहे. चालू बैठकीत असले विषय काढायचे नसतात, तुला मी सांगायला हवं का?"

"पण ती बाई तर गेली."

"गेली तर गेली. हात मिळवलाय का कुणी? मग उठली कशी बैठक?"

आमच्याकडे असं झालं असतं तर डोकी फुटली असती. क्वेकरांत मतदान नसतं. एकाला जरी पटलं नाही तरी सगळे थांबतात. विल्फ्रेड लॅमनं बहिणीकडे पाहिलं. मग मिशीतल्या मिशीत हसला. "बरं तर. उठेल तेव्हा बघू," म्हणाला, आणि टोपी घेऊन गेला.

पुढच्या रविवारी विल्मा परत आली. त्याच्या पुढच्याही. डॉर्कस वेळ झाली की हात पुढे करायची, विल्मा समोर बघायची, मग उठून जायची. पावसात, बर्फात, गावात बॉम्ब फुटला त्या आठवड्यातसुद्धा. विल्फ्रेड लॅम वर्षातून एकदा यायचा, विचारायचा, "उठली का?" डॉर्कस म्हणायची, "नाही." तो चहा पिऊन जायचा. घर राहिलं. बस राहिली. माझी पाळी नसेल त्या रविवारी मी स्वयंपाकघरात असायची. विल्माला ते ठाऊक होतं, ब्रेडच्या वासानं कुणालाही कळलं असतं. पण त्या खिडकीकडे तिनं कधी मान वळवली नाही, आणि मी कधी खिडकी बोटभराहून जास्त उघडली नाही.

लोकांना हे ऐकायला गोड वाटतं. बाहेरचे कुणी आले की म्हणतात, वा, काय श्रद्धा. श्रद्धा होती, मी नाही म्हणत नाही. पण मी तिला आठवड्याचे बाकीचे दिवसही पाहिलंय. दुकान शेवटी बंद करावं लागलं. काचेमागे बटणांची कार्डं उन्हानं पिवळी पडली. रस्त्यात समोरून येणारी माणसं तिला बघून दुकानांच्या काचा न्याहाळायला लागायची. नाताळात तिच्याकडे कुणी जायचं नाही. मी जायची ती मागच्या दारानं, हे मी लपवत नाही, आमच्या गल्लीत राहायचं होतं मला. एकदा मी गेले तर ती टेबलाशी नुसतीच बसली होती, विणकाम मांडीवर तसंच.

"काय झालं?"

"काही नाही. आज कुणाशी बोलले नाही. काल पण नाही. आवाज येतो का बघायला मगाशी मांजराला हाक मारली." मग म्हणाली, "मला एकटं वाटतं, डिम्प्ना हॅगन. फार वाटतं. गप्प बसायची सवय असली म्हणजे वाटत नाही असं नाही."

मी म्हटलं, "मग तो हात कशाला पुढे करतेस दर आठवड्याला? रोज तोंडावर आपटायची हौस आहे का?"

"रोज नाही. रविवारीच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मी घरी येऊन रडले.

पुढे शस्त्रसंधी झाली, दोन्ही बाजूंत शांततेचा करार झाला, कैदी सुटले. फर्गल घरी आला. घरात बसून भिंतीकडे बघायचा. त्याच्या नावाच्या भिंतीवर दुसरा रंग मारला होता. थोड्याच दिवसांत ऑस्ट्रेलियाला निघून गेला, जाताना डॉर्कसचे जुने मोजे पेटीत होते. बस बंद झाली. दोन टेबलं रिकामी झाली. बैठकघरात आता दोनच बायका, एक हात पुढे करणारी आणि एक न घेणारी, आणि मागे स्वयंपाकघरात मी, कुणासाठी ब्रेड भाजते ते माझं मलाच ठाऊक नाही.

डॉर्कस मार्चमध्ये गेली. झोपेतच गेली. मला सकाळी मागच्या दारानं गेल्यावर कळलं.

दफनाआधीची बैठक तिथेच झाली. साधी पेटी, फूल नाही, गाणं नाही. आणि गर्दी किती म्हणून सांगू. तिच्याकडून वीस वर्षांत एक हूक न घेतलेल्या बायका काळे कोट घालून हजर. आमच्या बाजूच्याही, त्यांच्या बाजूच्याही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंतपणी हिच्या दाराची घंटा वाजवली असती तर तुमचे हात झडले असते का? पण तिथे बोलायचं कसं? मी पुढे गेले, बसायला जागा नाही. एकच जागा रिकामी होती, विल्मा गॉल्टच्या शेजारी. डॉर्कसची. तिथे कुणी बसायचं धाडस केलं नव्हतं.

मी तिथे जाऊन बसले. इतक्या वर्षांत आमच्यात इतकं कमी अंतर कधी नव्हतं. तिच्या कोटाला कापराचा वास होता. विल्फ्रेड लॅम समोर बसला होता, आता पार वाकलेला. बैठक उठवायचं काम त्याचं. वेळ झाली, वेळ टळून गेली, तरी तो हात पुढे करेना. आमच्या बाकाकडे बघत बसला होता.

विल्मानं हातमोजा काढला. सावकाश, एकेक बोट. मग माझ्याकडे वळली आणि हात पुढे केला.

मी घेतला. हात थंड होता, हाडं लागली. तिनं एकदा दाबला आणि सोडला. मागे बाकांचा आवाज झाला, लोकांनी हात मिळवले, सगळे उठले. इतक्या वर्षांची बैठक उठली.

त्यांच्या दफनभूमीत सगळ्यांचे दगड सारखेच, ठेंगणे. माती लोटून झाल्यावर विल्मा माझ्या शेजारी उभी राहिली. ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"तिला वाटायचं मी रागानं हात देत नाही."

"नव्हता राग?"

"पहिली काही वर्षं होता. मग नव्हता." ती हातमोजा चढवत होती. "हात दिला की बैठक उठते. मग मी उठून कुठे जायचं होतं?"

मी विचारलं, "मग आज का दिलास?"

"आज तिला जायचं होतं," विल्मा म्हणाली.

हे डॉर्कसला कुणी सांगितलं असतं तर. एवढंच माझ्या मनात येतं, अजूनही येतं. ती दर रविवारी घरी जाऊन दुखरा खांदा शेकत बसायची, हात नाकारला म्हणून, आणि शेजारी बसणारी तो नाकारत होती बसून राहता यावं म्हणून. दोघी एका बाकावर, आणि दोघी गप्प.

बैठक उठली, म्हणून विल्फ्रेड लॅमला त्याचं काम करणं भाग होतं. त्यानं वाईट वाटून केलं, पण केलं. घर विकलं गेलं. आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे. रविवारी बंद असतं.

दुकानासमोर बसथांब्याचा एक बाक आहे. त्या रस्त्यानं रविवारी बस नसते, हे साऱ्या गावाला ठाऊक. मागच्या शरदात मास सुटल्यावर तिथून चालले होते, तर विल्मा त्या बाकावर बसलेली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. ती काही बोलली नाही, मीही नाही. त्यानंतर दर रविवारी बसतो. आमच्या गल्लीतली एक चोंबडी विचारत होती, "काय गं डिम्प्ना, या वयात कुठली बस धरताय दोघी?" मी म्हटलं, "येईल तेव्हा सांगते."

थंडी वाजायला लागली की एक उठते, मग दुसरी. अजून कुणी कुणाला हात दिलेला नाही.